फितीआडची बाग

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. तेव्हा मी नव्हतेच. माझ्या जागेवर फुटक्या फरश्या, सलाईनची रिकामी खोकी, कमरेएवढं गाजरगवत आणि एक मोडका कूलर होता. पण माझ्यामागची सगळी कटकट त्याच मिनिटाला सुरू झाली, म्हणून ती वेळ माझ्या ध्यानात आहे. वॉर्डातल्या घड्याळाखाली पडलेले मुंजाजी आजोबा डॉक्टरबाईंना म्हणाले, "बाई, ही भित कवर बघू मी? हिचे पोपडे बी पाठ झालेत मला. जायच्या आधी काई तरी हिरवं दिसू द्या की."

मी बाग. परभणीहून पोखर्णीकडं जाताना डाव्या हाताला निवांत सेवाघराची पिवळी इमारत लागते, तिच्या पाठीमागं मी आहे. बागेनं गप्प बसावं असं मलाही वाटत होतं. माझा जन्मच शांततेसाठी झालाय म्हणे. पण इतकी बेजार झालेय मी, की आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

निवांत म्हणजे काय, ते आधी सांगते. ज्यांचं दुखणं आता बरं होणार नाही असं मोठ्या दवाखान्यांनी सांगून टाकलंय, त्या माणसांना इथं आणतात. इथं कापाकापी नाही, मोठमोठी मशिनं नाहीत. दुखू नये म्हणून औषध देतात, अंग पुसतात, जखमा धुतात, मऊ भात भरवतात आणि जवळ बसतात. इथं आलेल्या माणसाजवळ बाकी सगळं असतं, वेळ तेवढा नसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. कारण आमच्या कमिटीच्या ती काही केल्या ध्यानात राहत नाही.

डॉक्टर अर्पिता वयानं लहान आहे, पण बोललं की करणारी. मुंजाजी आजोबांचं बोलणं ऐकून तिनं आणि धम्मशीला सिस्टरनं दुसऱ्याच दिवशी गाजरगवत उपटून काढलं. मग दोघींनी चाकांची रिकामी कॉट त्या उघड्या जागेत आणली आणि सिस्टर चक्क त्या कॉटवर आडवी झाली. डॉक्टरबाई ढकलायला लागली.

"मॅडम, हळू! दात वाजायलेत माझे," सिस्टर ओरडली.

"म्हणजे रस्ता गुळगुळीत पाहिजे. आणखी काय दिसतंय?"

"झोपून बघितलं की झाडाचा बुंधा दिसतच न्हाई, मॅडम. पानाची खालची बाजूच दिसती निस्ती. आन् ऊन थेट डोळ्यात."

तसं माझं सगळं ठरलं. उभ्या माणसाच्या नजरेनं बागा आखतात. मला झोपलेल्या माणसाच्या नजरेनं आखलं. ज्यांची पानं खालून बघायला चांगली दिसतात अशी झाडं लावली, कडूनिंब, कांचन, करंज. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, म्हणून रस्त्याखाली आधी मुरूम दाबला. कॉट वळली पाहिजे एवढी वळणं ठेवली. सबजा, पुदिना, गवती चहा जमिनीवर न लावता कॉटच्या उंचीच्या कट्ट्यांवर लावला, म्हणजे पडल्या पडल्या हात बाहेर काढला की पान हाताला लागावं. उग्र वासाचं एकही फूल नको असं ठरलं. औषधानं आधीच मळमळतं माणसांना, त्यात रातराणीचा वास आला की उलटीच. आणि एका कोपऱ्यात कुडाचा आडोसा केला. डॉक्टरबाई म्हणाली, "नातेवाइकांना पेशंटसमोर रडता येत नाही. वॉर्डात रडता येत नाही, बाहेर पत्र्याच्या शेडात रडता येत नाही. त्यांना एक जागा पाहिजे."

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वॉर्डात बारा वर्षांच्या आतल्या लेकरांना मनाई आहे. जंतू इकडून तिकडं जातात म्हणून. मग लेकरांनी आजी-आजोबांना भेटायचं कुठं? तर माझ्याकडं. वॉर्डाच्या मागच्या दारातून उतरता ओटा थेट माझ्यात येतो. पुढच्या दाराला तर पायऱ्या आहेत, तिथून कॉट निघत नाही.

इथवर मी खूश होते. मग संस्थेची कमिटी आली.

सेक्रेटरी साहेब कमरेवर हात ठेवून माझ्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हे काय? बाग म्हणल्यावर लॉन पाहिजे. बाग म्हणल्यावर बाकं पाहिजेत. लोकांना कळलं पाहिजे की बाग आहे."

मग लॉन आलं. त्याच्यामागून सिमेंटचा ससा आला, तोंड उघडं टाकलेला, पोटावर लिहिलेलं 'कचरा मला द्या'. मग सेल्फी पॉइंट आला, प्लास्टिकच्या फुलांची कमान आणि त्यावर 'मी आणि माझं निवांत'. सांगा बरं, नाकात नळी असलेलं माणूस त्या कमानीखाली उभं राहून फोटो काढणार आहे का? मग पाट्या आल्या. 'फुले तोडू नयेत.' 'गवतावर बसू नये.' सगळा जन्म मातीत काढलेली माणसं ही, आणि त्यांच्यासाठी केलेल्या बागेत पाटी काय, तर गवतावर बसू नये.

बाकांचं तर विचारूच नका. दात्यांनी दिलेली सिमेंटची बाकं, आणि एकूण एक बाकाच्या पाठीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. मुंजाजी आजोबांनी खिडकीतून ती बघितली आणि म्हणाले, "सिस्टर, ह्या बाकड्यावर बसलं की आपलं बी नाव लगेच लिहितेत का, का थोडं थांबतेत?"

सिस्टर हसून हसून बेजार. म्हणाली, "आजोबा, तुमी आधी बसा तर. पेंटरला मी थांबवते."

पण बसायला मिळालं कुठं? पावसाळ्याच्या शेवटी मी तयार झाले, आणि तयार झाल्याच्या दिवशीच मला कुलूप लागलं.

उद्घाटन व्हायचं होतं. वॉर्डाच्या मागच्या दाराला लाल फीत बांधली. शेजारी भिंतीत कोनशिला बसवली, तिच्यावर पाहुण्यांचं नाव कोरलं आणि वरून मखमली पडदा सोडला. पाहुणे मोठे, त्यांची तारीख मिळायला वेळ लागणार. तोवर कुणी आत जायचं नाही.

डॉक्टरबाई म्हणाली, "साहेब, कार्यक्रम सावकाश करा. तोवर पेशंट बसतील की आत."

साहेबांनी असं तोंड केलं, जसं काही तिनं देवाच्या नैवेद्यात बोट घातलं. "काय बोलता मॅडम? पाहुण्यांना उष्टी बाग दाखवायची का आपण?"

उष्टी बाग! ऐकलंत ना? अहो, मी काय पुरणपोळीचं ताट आहे का, पाहुणा जेवेपर्यंत झाकून ठेवायला? माझ्यावर पाखरं रोज बसतात, मुंगूस येऊन जातं, पावसानं मला दहादा भिजवलं. तेव्हा उष्टी नाही झाले मी. एक म्हातारं माणूस सबज्याचं पान चुरगाळून हुंगलं की मात्र उष्टी होते.

तारीख ठरली, तर मध्ये पितरांचा पंधरवडा आला. त्यात शुभकाम कसं करायचं? पंधरवडा सरला, तर पावसानं झोडपलं, पाहुण्यांची गाडी येईना. पाऊस उघडला, तर निवडणुका लागल्या आणि आचारसंहिता आली. आचारसंहितेत फीत कापता येत नाही. फीत ऊन खाऊन गुलाबी पडली, तर नवी आणून बांधली. माझ्या झाडांना पाणी द्यायला परमेश्वर वॉचमन माझ्या मागच्या फाटकानं, कापसाच्या रानातून वळसा घालून यायचा. त्या फाटकाला नुसती कडी आहे, खताच्या गाड्या यायच्या म्हणून ठेवलेलं. दाराची किल्ली मात्र त्याच्या खिशात असायची आणि तो सारखा खिसा चाचपून बघायचा.

मुंजाजी आजोबा त्या पितरांच्या पंधरवड्यातच गेले. ज्यांच्या तोंडून मी जन्माला आले, त्यांनी मला खिडकीच्या जाळीतूनच बघितलं. मला त्यांचा हात कधी लागला नाही. याचा राग माझ्यातून अजून जात नाही आणि जाऊही नये असं मला वाटतं.

मग थंडी पडायला लागली, आणि म्हाळसाबाई आल्या.

म्हाळसाबाई मेंढरामागच्या. जन्म सगळा रानात गेला, आज या शेतात तर उद्या त्या. दुखणं पोटात सुरू झालं आणि पाठीच्या मणक्यात उतरलं. जरा उचललं तरी जीव कळवळायचा, म्हणून चाकांच्या कॉटवरून त्यांना हलवायचं नाही असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. तोंड मात्र दुखत नव्हतं त्यांचं. आल्या आल्या वरच्या पंख्याकडं बघून म्हणाल्या, "ह्याला बंद करा गं माय. डोक्यावर घार फिरल्यावानी वाटायलंय."

दुसऱ्या दिवशी मागून आली त्यांची सून, चंदा. आणि चंदाच्या काखेत शालू, चंदाची पहिलीच लेक, मान नुकती धरलेली.

झालं. शालूला आत मनाई. माझ्या कोपऱ्यातून पुढचं पत्र्याचं शेड दिसतं, तिथं चंदा बसायची. आत सासू, बाहेर लेकरू, आणि मध्ये ही एकटी. शेडाच्या खांबांना झोळी बांधायची, दुसऱ्या पेशंटच्या बाईला सांगायची, "मावशी, जरा नजर ठेवता का? कुत्रं येईल हो. माश्या बसतील. रडली तर हाक मारा, लगेच मारा," आणि आत पळायची. आत सासूचं तोंड पुसताना कान बाहेर. दूध दाटून पदर ओला व्हायचा. निम्म्यात उठून बाहेर पळायची, तर लेकरू गाढ झोपलेलं. मग श्वास चालू आहे का म्हणून त्याच्या नाकाशी बोट धरायची. मग पुन्हा आत. एवढ्याशा पोरीची नुसती ओढाताण चाललेली, आणि तिच्या सासूला-लेकीला एकत्र बसवायला जी जागा केली, ती मी कुलपात.

म्हाळसाबाई दुखण्यामुळं परगावच्या दवाखान्यांतच फिरत राहिल्या, त्यामुळं नात त्यांनी अजून समोर बघितली नव्हती. चंदा बाहेरून मोबाईलवर दाखवायची, सिस्टर आत धरायची. एकदा म्हाळसाबाईंनी मोबाईल बाजूला सारला.

"काय झालं आजी?"

"टाळू बघ की तिची. खड्डा पडलाय. कोरडी ठाक हाय. चंदे, तेल घालती का न्हाई गं?"

मोबाईलमधून चंदाचा आवाज आला, "घालते हो आत्या, रोज घालते."

"घालती काय! टाळू भरावी लागती. तळहातावर तेल घेऊन दाबून दाबून जिरवावं लागतं. आमच्यात आजीच भरती. माझ्या सासूनं हिच्या बापाची, हरिओमची भरली." मग सिस्टरकडं वळून म्हणाल्या, "मोबाईलमदी टाळू भरता येती का गं, सिस्टर? तसलं बटन असलं तर सांग."

सिस्टरनं मोबाईल खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "एकदा भरू द्या बाई मला. मग तुमचं ते औषध द्या नायतर नका देऊ."

बाकी काहीच मागणं नव्हतं त्या बाईचं. नातीच्या डोक्याला हात लागावा, एवढंच. डॉक्टरबाईंनी साहेबांना फोन केला, विनवलं, भांडली. "फक्त अर्धा तास, साहेब." साहेब म्हणाले, "आज अर्धा तास, उद्या सगळा वॉर्ड. मग पाहुण्यांसाठी काय उरलं? शुभकामाला एवढी घाई करू नये मॅडम." डॉक्टरबाई म्हणाली, "मला नाही हो घाई. माझ्या पेशंटला आहे." फोन कट झाला होता.

म्हाळसाबाईंचं खाणं सुटत चाललं होतं. सिस्टरला ते दिसत होतं, मलाही दिसत होतं. मी काय करणार? फुलं उमलवली. तेवढंच येतं मला.

आणि मग एका दुपारी साहेब स्वतःच आले, नवी फीत घेऊन. आचारसंहिता संपत आली होती. परमेश्वरनं दार उघडलं, साहेबांनी उंबऱ्यावरून आत डोकावलं आणि त्यांचा चेहराच पडला. ते लाडकं लॉन पिवळं पडलं होतं.

"हे काय रे परमेश्वर? पाणी देत नाहीस का?"

"देतो की साहेब. पन लॉनखाली रस्त्याचा उरलेला मुरूमच टाकलाय निस्ता. वर मातीचा हात फिरवलाय फक्त. खत लागतंय."

"मग शेणखत टाक."

"वास मारंल, साहेब. पाहुने यायचेत."

साहेब मूळचे शेतकरी, घरची जमीन मोठी. जरा विचार केला आणि म्हणाले, "मेंढ्या बसवून घे. आमच्या रानात आम्ही दरसाल बसवतो. लेंड्या मातीत जिरल्या की महिनाभरात बघ. पण आता मेंढरावाले कुठं सापडायचे?"

वॉर्डातून आवाज आला, "माझ्या हायेत की."

साहेबांनी वळून बघितलं. म्हाळसाबाईंनी उशीवरून मान उचलली होती. "पल्याडच्या शिवारात हाय माझा पोरगा, हरिओम. निरोप द्या, उद्या दिवस कलायला येतोय बघा. च्या पाजा म्हंजे झालं."

साहेब खूश. "बघा, कामच झालं! बसवा उद्या. परमेश्वर, मागचं फाटक उघडून दे." मग जाता जाता बोट वर करून म्हणाले, "पण पेशंट आत जायचे नाहीत हां. एकही नाही."

ते गेले, आणि म्हाळसाबाईंनी डॉक्टरबाईंना जवळ बोलावलं.

"बाई, उद्या माझी कॉट कवा नेता?"

"आजी, ऐकलंत ना? पेशंटला मनाई आहे."

"मग मी कुठं पेशंट म्हनून जायलेय? मेंढ्या माझ्या हायेत. मेंढ्या बसवायच्या तर मालकीन लागती का न्हाई संग? तुमच्या साहेबाच्या रानात काय मेंढ्या एकल्याच जाऊन बसल्या व्हत्या?"

डॉक्टरबाई सिस्टरकडं बघायला लागली. सिस्टर खिडकीकडं तोंड करून उभी, आणि तिची पाठ हसण्यानं हलत होती. परमेश्वर मात्र खिशातली किल्ली चाचपायला लागला. "मॅडम, मला घरी बसवता का? लेकरंबाळं हायेत मला."

"परमेसर नाव ठिवलं आईनं, आन् कुलपाला भेतो व्हय रे?" म्हाळसाबाई म्हणाल्या. "तुला साहेब काय म्हनले? पेशंट नको. मी पेशंट न्हाई. उद्या दिवसभर मी मेंढरावाली हाय. परवा पुन्ना हुईन पेशंट, तुझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी दिवस कलला तेव्हा कापसाच्या रानातून घंटा वाजत आल्या. खरं सांगू? मेंढ्या म्हणजे तोंडं, शेकड्यानं तोंडं! माझा सबजा, माझा पुदिना, कालपरवा फुटलेला कांचन! हरिओमनं लॉनभोवती जाळी बांधली म्हणून जरा धीर आला. तरी एक मेंढी जाळीखालून निसटली आणि सेल्फी पॉइंटकडं गेली. कमानीवरचं एक प्लास्टिकचं फूल तोंडात धरलं, चघळलं, थुंकून टाकलं आणि परत आपल्या माणसांत जाऊन बसली. त्या कमानीविषयी माझं काय मत आहे ते मला तिच्यापेक्षा बरं सांगता आलं नसतं.

मागून चंदा आली, शालूला छातीशी धरून. दर पावलाला खाली बघत होती, काटा आहे का, खड्डा आहे का, थंडी तर वाजत नाही ना.

इकडं परमेश्वरनं किल्ली लावली. दार उघडलं, समोर फीत. "एवढी तोडू नका मॅडम, पाया पडतो," तो म्हणाला, आणि त्यानंच आपली काठी फितीखाली घालून ती उंच धरली. म्हाळसाबाईंची कॉट फितीखालून अलगद माझ्यात आली. उतरत्या ओट्यावरून, मुरमाच्या रस्त्यावरून, वळणावरून. एकदाही दणका बसला नाही. माझ्या अंगावरून पहिल्यांदा चाकं गेली, आणि मला वाटलं, हां, यासाठी होते मी.

कॉट कट्ट्याला लावली. म्हाळसाबाईंचा हात आपोआप बाहेर आला आणि सबज्यात गेला. पण त्यांचं लक्ष मेंढ्यांकडं होतं. "ती काळ्या तोंडाची लंगडायली का रे हरिओम? खूर बघितला का?" हे झाल्यावर मग सुनेला म्हणाल्या, "आन तिला इकडं."

हरिओमनं आपली घोंगडी कॉटवर उशाशी अंथरली. सिस्टरनं कॉटचं डोकं जरा वर केलं. चंदानं शालूला आजीच्या कुशीत घोंगडीवर ठेवलं, पण हात काही सोडीना. सिस्टरनं तेलाची वाटी पुढं धरली. म्हाळसाबाईंनी तळहातावर तेल घेतलं. हात थरथर कापत होता, निम्मं तेल मनगटावरून ओघळलं.

"आत्या, हळू हं. लय मऊ असती हो टाळू. जपून."

"मला शिकवती व्हय गं?" म्हाळसाबाई म्हणाल्या. "चार लेकरं आन् हजार कोकरं वाढवली ह्या हातानं. सोड, हात काढ तुझा."

चंदानं हात काढला. पदर तोंडात धरून उभी राहिली.

तो थरथरता तळहात शालूच्या डोक्यावर टेकला, आणि काय सांगू, टेकला तसा थांबला. कापायचाच थांबला. गोल गोल फिरला, दाबला, थांबला. पुन्हा थोडं तेल. पुन्हा दाबला. शालूनं आधी ओठ काढले, रडते की काय असं वाटलं. मग तिनं आजीच्या हातावरची सुईची चिकटपट्टी मुठीत धरली आणि टकामका वर बघत राहिली. वर कांचनाची पानं, खालच्या बाजूनं.

"उडायली बघ," म्हाळसाबाई हळूच म्हणाल्या. "टाळू उडायली. बोटाला लागायलंय माझ्या." आणि मग मोठ्यानं, "अगं बया, मुतली की! घोंगडी भिजवली बापाची!" त्या हसल्या, हसताना कळ आली, कळवळल्या, आणि पुन्हा हसल्या. चंदा मात्र वळून आडोशात गेली. तो आडोसा कशासाठी केला होता, ते तेव्हा मला समजलं.

वॉर्डाच्या खिडकीतून हे सगळं बाकीचे बघत होते. आतून एक बाबा ओरडले, "सिस्टर, मेंढ्या मोजायला मानूस लागत असंल की!" दुसऱ्या कॉटवरून आवाज, "कावळे हाकलायला मी येतो. बसल्या जागी हाकलतो." एक मावशी म्हणाल्या, "च्या कोन करनार हाय एवढ्या लोकांचा? मी साखर किती घालायची ते सांगन." परमेश्वरचा काठी धरून हात दुखला, पण त्यानं काठी खाली केली नाही. फितीखालून एकेक कॉट, एकेक खुर्ची येत गेली. त्या संध्याकाळी वॉर्डात एकही पेशंट उरला नाही. सगळे कामाला लागले होते.

म्हाळसाबाई त्याच आठवड्यात गेल्या. झोपेतच गेल्या. सिस्टर सांगत होती, हाताला तेलाचा वास होता.

साहेबांना कळायचं ते कळलंच. येऊन आरडाओरडा केला. "मेंढ्या बसवा म्हणालो होतो, माणसं नाही! उष्टी करून ठेवली बाग!" किल्ली परमेश्वरकडून काढून सिस्टरच्या ताब्यात दिली, का तर तिच्यावर त्यांचा जास्त विश्वास. मला हसू आलं, पण मी बाग आहे, मला हसता येत नाही.

आणि गंमत बघा, थोड्या दिवसांनी लॉन असं हिरवंगार आलं की साहेब बघत राहिले. मेंढ्या बसल्या तेवढाच तुकडा हिरवा, बाकीचा पिवळाच. म्हणाले, "उरलेल्या जागेत बी बसवून घ्या. पाहुण्यांची तारीख अजून नक्की नाही." डॉक्टरबाईंनी विचारलं, "मेंढ्यांबरोबर त्यांची माणसं येतील, चालेल ना साहेब?" साहेबांनी एकदा हिरवा तुकडा बघितला, एकदा पिवळा. मग म्हणाले, "माणसांशिवाय मेंढ्या कशा येतील? फक्त फीत तुटता कामा नये."

म्हणजे आता सगळं जुळलंय, आणि मेंढ्याच नाहीत. हरिओमची मेंढरं चाऱ्यासाठी येलदरी धरणाच्या अंगाला गेली, चंदा आणि शालूही संगती. फीत दारावर तशीच आहे. पडदा कोनशिलेवर तसाच आहे. पाहुणे कुठं आहेत ते त्यांनाच ठाऊक. आणि वॉर्डात, मुंजाजी आजोबांच्या जागेवर, सुमनबाई आहेत. त्यांना फार काही नको. एकदा अनवाणी पाय मातीवर टेकवायचेत म्हणतात. जन्मभर खुरपणी केली, आता तळपाय पांढरे पडलेत, ते बघून त्यांना कसंसंच होतं.

म्हणून तुम्हांला सांगते. बागेचं मनोगत वाचलं, चांगलं होतं, असं म्हणून पान उलटू नका. तुमच्या गावच्या शिवारात, पूर्णेच्या रस्त्याला, कुठंही मेंढ्या घेऊन चाललेलं कुणी दिसलं, तर गाडी थांबवा आणि सांगा, पोखर्णी रोडला निवांतच्या मागं एक बाग आहे, तिची माती अजून हलकी आहे, तिथं मेंढ्या बसवायच्यात. मागच्या फाटकाला नुसती कडी आहे. चहा मिळेल. कामाला माणसं आतून येतील. त्यानं नाही म्हटलं, तर त्याच्या ओळखीचा दुसरा कोण आहे ते विचारा, आणि त्याला सांगा.

पण आजच सांगा हो. सुमनबाई कालपासून पाणीसुद्धा चमच्यानं घ्यायला लागल्यात.